मनूस, टेराबद्दल

प्रिय मनू,

‘मी ठीक आहे, थोडे दिवस फोन करू नकोस,’ एवढाच तुझा निरोप आला. तुझं ‘ठीक आहे’ मी ओळखते, म्हणून दादाला खोदून खोदून विचारलं. त्याच्यावर चिडू नकोस, तो सांगायला तयार नव्हता. ‘टीन टायटन्स’ या तरुण वीरांच्या चमूवरच्या कार्टून मालिकेतल्या टेराबद्दल तू लिहिलेला लेख, त्यावर उठलेली झोड, ‘गद्दाराची वकील’ हे तुला चिकटवलेलं नाव आणि मग तू स्वतःच काढून टाकलेली तुझी सगळी चित्रं. शाळेत असताना काढलेली, त्याच मालिकेतली निळ्या झग्यातली रेव्हनसुद्धा ठेवली नाहीस. फोन नको म्हणालीस ते मी पाळते आहे, म्हणून लिहायला बसले.

लेख मी वाचला. दादाकडे होता. तुला वाटत असेल की आई वरवर चाळून ‘छान आहे’ म्हणेल. तसं नाही. मार्व्ह वुल्फमन आणि जॉर्ज पेरेझ यांनी १९८२ साली टेराला कॉमिक्समध्ये आणलं तेच मुळी टायटन्सना दगा देण्यासाठी, आणि १९८४ मध्ये त्याच कथेत तिला मारूनही टाकलं. मालिकेत मात्र ती दगड-माती हलवायचं आपलंच बळ आवरता येत नाही म्हणून गावोगाव पळत राहिलेली, घाबरलेली मुलगी आहे. लोक या दोघींची सरमिसळ करतात आणि एकीच्या गुन्ह्याची शिक्षा दुसरीला देतात, हा तुझा मुद्दा इतका नेमका आहे की मी तिथे थांबून आत्याला फोन लावला आणि तो भाग तिला वाचून दाखवला. शाळकरी वयाच्या मुलीशी स्लेड या प्रौढ खलनायकाचं नातं कॉमिक्सने कसं रंगवलं आणि वाचकांनी दोष कुणाला दिला, हे तू लिहिलंस ते लिहायला धैर्य लागतं. ते तुझ्यात कुठून आलं कोण जाणे. आमच्या घरात तर भांडण टाळण्यासाठी सगळे आतल्या खोलीत जातात.

जे चिडले त्यांचंही मला थोडं कळतं. टेरावर जीव लावणाऱ्या बीस्ट बॉय या टायटनच्या बाजूने ज्यांनी ती गोष्ट पाहिली, त्यांच्यासाठी टेराने जत्रेच्या त्या रात्री केलेला घात अजून ताजा आहे. काही झालं तरी मैत्री राहील असं त्याच्याकडून वदवून घेते आणि मग ती आपली हेर असल्याचं स्लेड येऊन उघड करतो. त्यांनी रागवावं. पण दादा आणि त्याचे मित्र मालिकेतल्या रेड एक्स या चोराच्या मुखवट्याआड कोण आहे यावर किती वर्षं भांडले, आठवतं? मालिकेने ते कधी सांगितलंच नाही, आणि त्या भांडणात कुणी कुणाला रडवलं नाही. टेरावरचा राग तुझ्यावर काढणं हे मात्र मला मुळीच मान्य नाही.

आता मुद्द्याचं. दादाच्या बोलण्यातून एक गोष्ट सहज निघाली आणि तेव्हापासून माझ्या डोक्यातून जात नाही. कुणी एक ‘सर’ तुला रोज धीर देतात म्हणे. तुझ्या बाजूने लिहितात, रात्री उशिरापर्यंत बोलतात, आणि बाकीच्यांना तू कळणारच नाहीस तेव्हा त्यांच्याशी बोलूच नकोस असं सांगतात. ते भले असतील. मी त्यांना ओळखत नाही. पण तू तरी किती ओळखतेस?

तुझ्याच लेखातलं तुला सांगते. टेरा पहिल्यांदा निघून जाते ती कशामुळे? टायटन्सचा म्होरक्या रॉबिन, त्याला बळ आवरत नसल्याचं तिचं गुपित कळलेलं असतं आणि तिला वाटतं, बीस्ट बॉयने शब्द मोडला. त्याने मोडलेला नसतो, रॉबिनने स्वतःच ते ओळखलेलं असतं. एक प्रश्न विचारला असता तर उलगडा झाला असता. ती विचारत नाही, निघून जाते, आणि पुढे तिला स्लेड गाठतो. तो तिला मारत नाही की कोंडून ठेवत नाही. तुझं बळ आवरायला मी शिकवतो म्हणतो, आणि शिकवतोही! ते शिकणं खरं होतं म्हणूनच ती त्याच्या हाती पूर्ण गेली. मग तोच तिला सांगतो की तुला मित्र नाहीत. हे तू लिहिलंस, मनू, तारीफ करावी इतकं स्पष्ट लिहिलंस. मग ‘बाकीच्यांशी बोलू नकोस’ म्हणणारा माणूस तुला खटकला कसा नाही?

हे असं लिहायचं नव्हतं. विषय काढायचा नाही असं ठरवून बसले होते.

तू लहान असतानाचं आठवतं आहे. मालिका २००३ ते २००६ मधली, तू जगात यायच्या आधीच संपलेली. तुझ्यापर्यंत ती दादामुळे आली. पफी अमियुमी या जपानी जोडीचं शीर्षकगीत सुरू झालं की तुम्ही दोघं टीव्हीसमोर श्वास रोखून बसायचात. जपानीत वाजलं की आज मजेचा भाग, इंग्रजीत वाजलं की काहीतरी गंभीर होणार. तू जपानीसाठी हात जोडायचीस. शेवटी सगळ्यांना वाचवताना टेरा दगड होते तो भाग पाहिल्यावर तू जेवली नाहीस. तिचा पुतळा जमिनीखाली त्या गुहेत उभा, पायाशी पाटी, त्यावर ती टायटन होती आणि खरी मैत्रीण होती असं लिहिलेलं. सगळे निघतात आणि तू विचारलंस, ‘तिला तिथे अंधारात एकटीला का ठेवलं?’ ते तिला सोडवायचा उपाय शोधतील, असं मी सांगितलं. आजीचं ऑपरेशन त्याच आठवड्यात होतं. दवाखान्यात आजीला तू टेराची सगळी गोष्ट सांगितलीस आणि आजी म्हणाल्या, ‘पोरीला कुणी विचारलं का, बाई तुला झालंय काय?’

मला नेहमी रेव्हन जवळची वाटली, हे तुला माहीत आहे. तुम्ही दोघं तिला खडूस म्हणायचात. पण बघ, तिनेही लपवलंच होतं. आपल्यातून आपला राक्षस बाप ट्रायगॉन या जगात येणार आणि सगळ्याचा नाश होणार, हे माहीत असून ती गप्प राहिली. नाश झालाही. तरी रॉबिन पाताळात उतरून तिला शोधतो आणि लहान पोर झालेली ती सापडते तेव्हा उचलून परत आणतो. टेरावर चिडणारे लोक रेव्हनसाठी रडतात, आणि रेव्हनचा हेतू वाईट नव्हता असं म्हणतात. टेराने जाणूनबुजून हल्ला केला, हे खरंच. पण मला दोघींतला आणखी एक फरक मोठा वाटतो. रेव्हन गप्प राहिली तरी त्याच घरात राहिली. दार बंद करून बसायची, पण तिच्या दारावर थाप मारायला माणसं होती. तुझ्या लेखात हे नाही, म्हणून सांगते आहे.

आणि म्हणूनच विचारते, तिथे तुझ्या दारावर थाप मारणारं कोण आहे? खोलीतल्या त्या मुलीशी बोलतेस का? जेवायला कुणाबरोबर जातेस? विसूमामाही ‘ठीक आहे’च म्हणायचा. याहून जास्त मी लिहू शकत नाही.

रागावू नकोस. प्रवचन झालं, माफ कर. तुझ्या वयाच्या मुलीला काय कळतं आणि काय नाही हे मी ठरवू नये, हे आत्या मला सारखं सांगते.

शेवटच्या भागाबद्दल मात्र मला तुझ्याशी वाद घालायचा आहे. त्यात बीस्ट बॉयला टेरासारखीच दिसणारी जी शाळेतली मुलगी भेटते, ती टेराच आहे आणि तिला सगळं आठवतं, असं मला वाटतं. दादा म्हणतो स्मृती गेली आहे, कुणी म्हणतं ती वेगळीच मुलगी आहे. तू लिहितेस, आठवतं की नाही हा प्रश्नच चुकीचा. तिला साधं राहायचा हक्क आहे, भूमितीच्या पेपरचा अभ्यास झाला नाही एवढीच काळजी करण्याचा हक्क आहे, आणि बीस्ट बॉय तिच्यावर चिखल फेकून तिची शक्ती जागी करू बघतो तो जुलूम आहे. हे वाचून मी बराच वेळ गप्प बसले. मी कायम बीस्ट बॉयच्या बाजूची. त्याने वाट पाहिली, तो पुन्हा पुन्हा तिच्या मागे गेला, हे मला प्रेमच वाटत आलं. तुझं वाचून पहिल्यांदा त्या मुलीच्या जागी उभी राहिले. ठीक आहे, तिला जाऊ द्यावं. पटलं.

पण एक बघ. शाळेत तिच्या बरोबर मैत्रिणी आहेत, युनिफॉर्ममधल्या, हसणाऱ्या. टायटन्सना सोडून ती एकटी पडलेली नाही. तू चित्रं काढून टाकलीस, लिहिणं थांबवलंस, हे सगळं तुझ्या मर्जीने असेल तर मी एक शब्द बोलणार नाही. पुन्हा कधी टेराचं नाव काढलं नाहीस तरी चालेल. फक्त त्या जागी एक अनोळखी माणूस आणि बंद खोली नको.

दादा पुढच्या रविवारी तिकडे येतो आहे. मी पाठवत नाही, तोच म्हणाला. त्याला भेट. त्या सरांचं बोलणं त्याला दाखव, लपवू नकोस, तो कुणाला काही बोलणार नाही असं त्याने मला कबूल केलं आहे. मलाही सांगणार नाही. तेही मी मान्य केलं आहे, फार अवघड गेलं तरी.

पत्र मिळालं एवढं कळव.

तुझी,
आई

ता. क. मालिकेच्या शेवटच्या भागातला पांढरा राक्षस, ज्या वस्तूला शिवेल तसा होणारा, त्याचं शेवटी काय झालं हे का दाखवलं नाही, यावर तू लेखात दोनच ओळी लिहिल्यास. दादा म्हणतो तो सहाव्या सीझनसाठी राखून ठेवला असेल. मला ते पटत नाही. तुझं म्हणणं सविस्तर लिही.