बोटांना दोष देण्यापूर्वी गिटारचा नट तपासावा

महोदय,

क्लासिकल गिटार शिकू लागलेल्या मुलाच्या बोटाखालून पहिली तार फ्रेटबोर्डाच्या, म्हणजे बोटांनी तारा दाबायच्या पट्टीच्या, कडेबाहेर सटकू लागली, किंवा कॉर्ड (एकत्र वाजवायचे सूर) धरताना शेजारची तार बोटाला लागून बंद पडू लागली, की ‘बोटे जाड आहेत’ किंवा ‘सराव कमी पडतो’ असे सांगून दुकानदार आणि आम्ही शिक्षकही मोकळे होतो. प्रत्यक्षात मुंबईतल्या वर्गांत येणाऱ्या अनेक स्वस्त गिटारींचा दोष नटवरील, म्हणजे गिटारच्या मानेच्या टोकाशी तारा ज्यावरून जातात त्या छोट्या पट्टीवरील, खाचांमध्ये असतो आणि तो दुरुस्त करता येतो, हे पालकांना कोणी सांगत नाही.

या गिटारचा नट साधारण ५२ मिलिमीटर रुंद असतो. पहिल्या आणि सहाव्या तारेच्या मध्यांतले अंतर बहुधा ४२ ते ४४ मिलिमीटर ठेवतात, म्हणजे प्रत्येक कडेला चार-पाच मिलिमीटर जागा उरते. फ्रेटची, म्हणजे फ्रेटबोर्डावरच्या आडव्या धातूच्या पट्ट्यांची, टोके तिरकी घासलेली असल्याने उपयोगाची जागा त्याहूनही कमी असते. त्यामुळे पहिली तार एखादा मिलिमीटर कडेकडे सरकलेली असली तरी ती बोटाखालून निसटते. पालकांनी खरेदीच्या वेळी स्टीलची पट्टी सोबत नेली तर एवढी तपासणी दुकानातच होऊ शकते.

तारांच्या मध्यांत समान अंतर असावे की दोन तारांमधली मोकळी जागा समान असावी, यावर वाद्यदुरुस्ती करणाऱ्यांत हिरिरीने वाद होतात. मला दुसरी पद्धत पटते, कारण बोटाला जाणवते ती मोकळी जागा. मात्र नायलॉनच्या संचात पहिली तार सुमारे ०.७, तिसरी १ आणि सहावी १.१ मिलिमीटर जाडीची असते, आणि हिशेब मांडला तर या दोन पद्धतींमुळे खाचेच्या जागेत जेमतेम एक दशांश मिलिमीटरचा फरक पडतो. कडेला जागा सोडली आहे की नाही, हा प्रश्न त्यापेक्षा कितीतरी मोठा आहे.

उपाय म्हणजे हाडाचा नवा नट. आधी दोन्ही टोकांच्या खाचा आखाव्यात, मग मधल्या चार. सुरुवातीला खाचा उथळ ठेवून तारा चढवून पाहाव्यात, म्हणजे चुकलेली खाच कानशीने बाजूला सरकवता येते. खोली शेवटी गाठावी आणि खाचेला गिटारच्या डोक्याकडे, म्हणजे खुंट्यांच्या बाजूला, उतार द्यावा. जुनी खाच हाडाची पूड आणि झटपट गोंदाने भरून नवी पाडणारेही आहेत, पण ती तात्पुरती सोय आहे. ब्रिजवरची, म्हणजे तारांचे दुसरे टोक जिथे बांधतात तिथली, जागा भोकांनी ठरलेली असल्यामुळे नटवर एक मिलिमीटर आत घेतलेली तार पाचव्या फ्रेटपाशी पाऊण आणि बाराव्यापाशी अर्धाच मिलिमीटर आत येते, तरी नवशिक्या मुलांचे बहुतेक वादन पहिल्या पाच फ्रेटांतच चालते.

सतार-तंबोऱ्याची कामे करणाऱ्या कारागिरांना हाड घासून खाच पाडणे नवे नाही. धोबी तलावपासून उपनगरांपर्यंतच्या विक्रेत्यांनी अशा कारागिरांशी बोलून, त्यांच्याकडे नायलॉन तारेच्या जाडीच्या गोल कानशी आहेत याची खात्री करून, विक्रीपूर्वीच ही दुरुस्ती करून द्यावी आणि तिचा खर्च किमतीत स्पष्ट दाखवावा.

— एक गिटारशिक्षक, दादर, मुंबई