जाळीच्या सज्ज्यामागची अमीना

कोंढवा, पुणे

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

गेल्या भेटीत अप्पा बळवंत चौकात तू तीन जाडजूड पुस्तके माझ्या हातात ठेवलीस आणि "वाच आणि सविस्तर लिही" एवढेच म्हणालास. इजिप्तचे कादंबरीकार नगीब महफूझ यांची ती कैरोची त्रयी मी रमजानमध्ये वाचून काढली. तरावीहची रात्रीची नमाज आटोपून घरी आलो की सहरीच्या पहाटेच्या जेवणापर्यंत झोप येत नसे, तो सगळा वेळ या तीन पुस्तकांना दिला. ईद होऊन बरेच दिवस लोटले तरी तुला पत्र लिहायला बसलो नाही, कारण कादंबरीविषयी लिहायला घेतले की मी दादीविषयीच लिहू लागतो असा अनुभव दोनदा आला आणि दोन्ही वेळा कागद बाजूला ठेवला. आता ठरवले आहे की दोघींविषयी एकत्रच लिहावे. तू दादीच्या हातचा शीरखुर्मा खाल्ला आहेस, तेव्हा तुला त्यात परके असे काही वाटणार नाही.

पहिला खंड मध्यरात्री सुरू होतो. साल १९१७, कैरोतल्या जुन्या गमालिया भागातले एक घर. वयाची चौदा वर्षे पुरी होण्याआधीच लग्न होऊन त्या घरात आलेली अमीना कोणीही न उठवता, केवळ इतक्या वर्षांच्या सवयीने जागी होते आणि मशरबियात येऊन उभी राहते. मशरबिया म्हणजे लाकडाच्या बारीक जाळीने बंद केलेला, रस्त्यावर पुढे आलेला सज्जा. आतल्या बाईला बाहेरचा रस्ता दिसतो, रस्त्यावरच्या माणसाला मात्र आतली बाई दिसत नाही. नवऱ्याची गाडी दाराशी थांबली की ती दिवा घेऊन जिन्याच्या तोंडाशी येते आणि त्याच्या पायांपुढे उजेड धरते. एवढ्याच प्रसंगावर महफूझ यांनी कितीतरी पाने खर्च केली आहेत. मी ते प्रकरण दोनदा वाचले, कारण मोमीनपुऱ्यातल्या आमच्या घरात दादीसुद्धा अशीच जागी राहत असे. आजोबा रविवार पेठेतले दुकान बंद करून, कॅम्पातल्या इराण्याकडे मित्रांबरोबर बसून उशिरा परतत; त्यांच्या सायकलचे स्टँड फरशीवर लागले की कडी वाजण्याच्या आत दादीने ती काढलेली असे. लहानपणी मला वाटे, तिला झोप कमी लागत असावी.

अमीनाचा नवरा सय्यद अहमद अब्द अल्-जव्वाद हा किराण्याचा व्यापारी. असा बाप भारतीय वाचकाला ओळखीचा वाटेल, पण इतका पुरता उभा केलेला मी तरी दुसरीकडे पाहिलेला नाही. घरात त्याच्यासमोर मान वर करण्याची मुलांची छाती होत नाही, मुलींनी खिडकीपाशी उभे राहणेही गुन्हा. आणि रात्री मित्रमंडळींत हाच माणूस डफ वाजवतो, गातो, दारू पितो, गाणाऱ्या बायकांकडे जातो. त्याला ढोंगी म्हणून मोकळे होता आले असते. महफूझ तसे होऊ देत नाहीत. त्याची नमाज खरी आहे, मैत्री खरी आहे, मुलांवरची मायाही खरी आहे, आणि तरीही त्या घरातल्या प्रत्येकाचा श्वास त्याच्या हुकमाने चालतो. आपण पत्रांतून परंपरा विरुद्ध आधुनिकता असा वाद घालत आलो. ही कादंबरी वाचल्यावर वाटते, आपण त्या वादाचे एक टोक चुकीच्या जागी बांधले होते.

का, ते सांगतो. अमीनाने पंचवीस वर्षांच्या संसारात नवऱ्याच्या हुकमाविरुद्ध एकच गोष्ट केली. इमाम हुसैन यांच्या मशिदीचा मिनार ती रोज गच्चीवरून पाहत असे. मशीद चालत जाण्याच्या अंतरावर होती, पण ती कधी गेलेली नव्हती. नवरा कामानिमित्त पोर्ट सैदला गेला असताना सावत्र मुलगा यासीन तिला धीर देतो आणि धाकट्या कमालचा हात धरून ती झियारतीला, म्हणजे दर्शनाला, जाते. परतताना मोटारीचा धक्का बसून तिच्या गळ्याजवळचे हाड मोडते. नवऱ्यापासून काही तरी लपवावे असे मुलांचे मत पडते, पण तिच्याने खोटे बोलवत नाही. तो ऐकून घेतो, डॉक्टर आणतो, ती पुरती बरी होईपर्यंत थांबतो आणि मग तिला घर सोडून जायला सांगतो.

मित्रा, या जागी मी पुस्तक मिटून बराच वेळ बसलो होतो. तिचा गुन्हा काय, तर मशिदीत गेली. त्या घरातली खरी धर्मनिष्ठ व्यक्ती तीच आहे. कुराणच्या आयती तिच्या ओठांवर आहेत, तिच्या वडिलांकडून आलेले धर्माचे ज्ञान तिने जपले आहे. म्हणजे जिला धर्म हवा होता तिने उंबरठा ओलांडला आणि ज्याला रात्रीची मैफल हवी होती त्याने धर्माच्या नावाने तिला शिक्षा दिली. ज्याला आपण 'मुस्लिम परंपरा' म्हणतो तिच्यातला मोठा भाग प्रत्यक्षात घरधन्याचा शब्द असतो. कुराण कपाटात असते आणि कडी त्याच्या हातात असते. आपल्या समाजावर बाहेरून टीका करणारे आणि आतून त्याचे रक्षण करू पाहणारे, दोघेही हा फरक करत नाहीत, आणि दोघांच्याही सोयीसाठी तो शब्द धर्माच्या खात्यावर मांडला जातो.

आता दादीची गोष्ट. तुला ठाऊक आहे, आमचे जुने घर गंज पेठेतल्या फुले वाड्यापासून पायी पाच मिनिटांवर होते. पण ते अंतर मोहल्ल्यातल्या बायकांसाठी किती लांब होते, हे फूफीने, म्हणजे माझ्या आत्याने, सांगितल्यावर मला कळले. सातवी झाल्यावर फूफीची शाळा थांबली, कारण आजोबा म्हणाले, "पुरे झाले." दादीने वाद घातला नाही. जून महिन्यातल्या एका सकाळी आजोबा दुकानात गेल्यावर तिने बुरखा घातला, फूफीचा हात धरला आणि शाळेत जाऊन आठवीच्या अर्जावर पालक म्हणून स्वतः सही केली. सही उर्दूत होती आणि बाकी अर्ज मराठीत. आजोबांनी तिला घराबाहेर काढले नाही, पण बरेच दिवस ते तिच्याशी बोलले नाहीत, आणि त्या दिवसांतही सायकलचे स्टँड वाजले की कडी निघतच होती. दादी गेल्यावर तिचे कुराण आम्ही रेहलवरून, म्हणजे ते ठेवायच्या लाकडी घडवंचीवरून, उचलले, तेव्हा त्याच्या हिरव्या जुजदानात, म्हणजे कापडी वेष्टनात, मागच्या बाजूला घडी घातलेला एक कागद निघाला. फूफीची मॅट्रिकची गुणपत्रिका. घड्या इतक्या जुन्या होत्या की कागद त्यांवर फाटला होता आणि आतून पातळ कापडाची पट्टी लावून शिवलेला होता.

फूफीची ती शाळा साधारण हमीद दलवाईंच्या चळवळीच्या काळातली. १८ एप्रिल १९६६ रोजी या मुस्लिम समाजसुधारकाने सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा मुंबईच्या विधानभवनावर नेला आणि तोंडी तलाक बंद करा अशी मागणी केली. २२ मार्च १९७० रोजी आपल्या पुण्यातच त्यांचे मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन झाले. त्या सात जणींना मी मनापासून सलाम करतो. एका दमात दिलेला तलाक सर्वोच्च न्यायालयाने रद्द ठरवला तो २०१७ मध्ये. त्या मागणीला न्याय मिळायला ५१ वर्षे लागली. दादी मात्र मंडळाच्या सभेला कधी गेली नाही, आणि दलवाईंचे नाव घरात निघाले की ती उठून स्वयंपाकघरात जाई. तिला सुधारक म्हणावे का, यावर मी पुष्कळ विचार केला. तिला स्वतःला तो शब्द आवडला नसता. पण कोणत्याही इतिहासात न आलेली अशी एक सही आमच्या घराचे तोंड फिरवून गेली, हे मी विसरू शकत नाही.

कादंबरीच्या दुसऱ्या खंडात कमाल मोठा होतो, वडिलांच्या इच्छेविरुद्ध शिक्षक होण्याचा मार्ग धरतो आणि डार्विनवर एक लेख छापतो. तो लेख वडिलांच्या हाती पडतो. संतापापेक्षा गोंधळलेला असा तो बाप आणि मनातून श्रद्धा गळून पडत असलेला, तरी बापापुढे खरे बोलू न शकणारा तो मुलगा, या दोघांचे संभाषण तुझ्या विशेष आवडीचे होईल. मला स्वतःला कमालच्या प्रेमभंगाची पाने लांबलेली वाटली.

एक तक्रार मात्र मोठी आहे. १९१९च्या उठावात मधला मुलगा फहमी निदर्शनात गोळी लागून मरतो. त्याच वर्षी मार्चमध्ये कैरोच्या स्त्रियाही इंग्रजांविरुद्ध रस्त्यावर उतरल्या होत्या, आणि १९२३ मध्ये इजिप्तमधल्या स्त्री-चळवळीच्या नेत्या हुदा शअरावी यांनी कैरोच्या रेल्वे स्थानकावर चेहऱ्यावरचा पडदा काढला. यातले काहीच अमीनाच्या मुलींपर्यंत पोचत नाही. खदीजा आणि आयशा यांच्या वाट्याला लग्न, सासर आणि आयशाच्या वाट्याला तर एकामागून एक मृत्यू येतात. राजकारण येते ते नातवांकडे. एक मुस्लिम ब्रदरहूडमध्ये, दुसरा साम्यवादी. शेवटी दोघेही एकाच रात्री पकडले जातात. तू म्हणशील, एक परंपरावादी आणि एक आधुनिक. पण १९२८ साली स्थापन झालेली, सभासद, शाखा आणि पत्रके असलेली ब्रदरहूडसारखी धार्मिक-राजकीय संघटना ही त्यांच्या आजोबांच्या, सय्यद अहमदच्या, जगातली गोष्टच नव्हती. दोन्ही नातू नव्या काळाचीच मुले आहेत. साम्यवादी नातवाची बायको सौसन मासिकात काम करते, कमावते, सासूला ठणकावून उत्तर देते. तिला आणखी जागा मिळायला हवी होती. दादीनंतरची फूफी मला तिच्यात दिसू लागली होती, तोच पुस्तक संपत आले.

तिसऱ्या खंडात सय्यद अहमद आजारी पडून घरातच बसतो. दुकान विकले जाते, मित्र एकेक करून जातात. आता अमीना रोज हुसैन मशिदीत जाऊन येते, आणि तो सज्ज्याच्या जाळीमागे बसून तिच्या येण्याची वाट पाहतो. महफूझ यांनी यावर एक शब्दही जास्त लिहिलेला नाही, आणि अमीनाच्या मनात सूडाचा लवलेशही नाही. ती परत येते आणि त्याच्यासाठी दुआ मागून आल्याचे सांगते. आजोबांना अर्धांगवायू झाला तेव्हाचे दिवस मला आठवले. फूफी शाळेत शिकवून परत यायची वेळ झाली की ते दाराकडे तोंड करून बसत, आणि तिने दिवसभरातले काही सांगितल्याखेरीज चहाला हात लावत नसत.

मी हे सगळे रोज थोडेथोडे फूफीला सांगतो आहे. तिची दृष्टी आता अधू झाली आहे, म्हणून संध्याकाळी तिच्याजवळ बसून मी एकेक प्रकरण इंग्रजीतून मनातल्या मनात भाषांतर करून मराठीत सांगतो; मध्येच ती दख्खनीत काही विचारते. अमीनाला घराबाहेर काढले त्या संध्याकाळी तिने मला थांबवले आणि विचारले, "फिर कभी गई क्या वो, हुसैन को?" मी म्हणालो, पुढे कळेल. आम्ही अजून दुसऱ्या खंडाच्या मध्यावर आहोत. पुढच्या महिन्यात तू येशील तेव्हा संध्याकाळी थांब आणि तूही ऐक, फक्त शेवट तिच्यासमोर बोलू नकोस.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
मोमीनपुऱ्यातला मित्र