हात घालण्याआधी

चि. चिमूस,
अनेक आशीर्वाद.

दिवाळीच्या सुट्टीत तू मित्रमैत्रिणींना घेऊन येणार आणि आंबोलीपासून किनाऱ्यापर्यंत जिओकॅशिंग करत, म्हणजे कोणी लपवून ठेवलेले डबे फोनवरच्या जीपीएसने शोधत हिंडणार, हे ऐकून फार बरं वाटलं. फोनवर तुला नेहमी घाई असते, म्हणून लिहिते आहे. हे पत्र सगळ्यांना वाचून दाखव.

तुझ्या या खेळाची मी माहिती काढली. जीपीएसच्या संकेतात मुद्दाम ठेवलेली चूक अमेरिकेने २ मे २००० ला काढून टाकली आणि दुसऱ्याच दिवशी ओरेगॉनमध्ये एकाने रानात सामान लपवून त्या जागेचे अक्षांश-रेखांश जाहीर केले. कल्पना मला मनापासून आवडली. काळजी वाटते ती शेवटच्या काही मीटरांची. फोन तुम्हाला डब्याच्या आसपास नेऊन सोडतो आणि पुढचा शोध हातांनी चालतो: दगडांच्या राशीत, झाडाच्या ढोलीत, पडक्या गडग्याच्या फटीत. डबा लपवणाऱ्याला जी जागा पसंत पडते तीच फुरसे या विषारी सापालाही पसंत पडते. कोरडी, अंधारी आणि येणाऱ्याजाणाऱ्याला न दिसणारी.

फुरशाबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण आपल्या सड्यांवर, जांभ्याच्या त्या उघड्या माळांवर, त्याचीच भीती जास्त. हातभरसुद्धा नसतं ते. रंग जांभ्याचा, सुकल्या पानांचा. पायाशी असलं तरी दिसत नाही. डिवचलं की अंगाची वेटोळी एकमेकांवर घासून करवतीसारखा आवाज करतं आणि मग झेप घेतं. लहान आहे म्हणून लोक दंश अंगावर काढतात. आरोग्य केंद्रात नोकरीला असताना गवत कापणाऱ्या, लाकडं उचलणाऱ्या, चिरे हलवणाऱ्या किती बायका-पुरुषांचे सुजलेले हात मी पाहिले. अशा वेळी आम्ही थोडं रक्त कोरड्या काचेच्या नळीत घेऊन २० मिनिटं हलवायचं नाही, असं करायचो. मग नळी कलंडवायची. रक्त पाण्यासारखं वाहिलं की विष भिनलंय हे कळायचं आणि लगेच प्रतिसर्पविषाची, म्हणजे सापाच्या विषावरच्या औषधाची सलाईन सुरू व्हायची. हिरड्यांतून रक्त यायला कधी कधी काही तास जातात. तोवर माणूस बोलत-चालत असतो, म्हणूनच फसतो.

तेव्हा नियम एकच धर: जिथे नजर पोचली नाही तिथे हात जाणार नाही. आधी विजेरी मारायची, मग लांब काठीने दगड ठोकायचा, थोडं थांबायचं. दगड उचलायचाच झाला तर पलीकडची कड धरून आपल्याकडे कलता करायचा, म्हणजे खाली जे असेल त्याच्या आणि तुझ्यामध्ये दगड राहतो. चामड्याचे हातमोजे घाल, पण त्यांच्या भरवशावर फटीत हात घालू नकोस. घोणशीचे दात लांब असतात. डबा काठीने बाहेर ओढता येत नसेल तर तो डबा सोडून द्या. डब्यातल्या वहीत नाव लिहायचं राहिलं तर राहू दे.

लपलेली शाई वाचायला तू जांभळ्या उजेडाची विजेरी घेतलीस ना, तिचा आणखी एक उपयोग आहे. तिच्या उजेडात विंचू हिरवट-निळा चमकतो. अंधार पडल्यावर फटीवर आधी ती मार. काळ्या मोठ्या इंगळीपेक्षा छोटा लाल विंचू घातक. नांगी लागल्यावर दरदरून घाम आला, हातपाय गार पडले, तर घरगुती उपाय करत बसू नका. महाडच्या डॉ. हिंमतराव बावसकरांनी प्राझोसिनची गोळी वापरून दाखवल्यापासून या विंचवाने जाणारे जीव वाचू लागले, पण त्यासाठी वेळेत दवाखान्यात पोचायला हवं.

कोळ्यांची धास्ती नको. आपल्याकडचे बहुतेक कोळी माणसाला इजा करत नाहीत. फक्त उघड्या हाताने पकडायचे नाहीत. आंबोलीत मात्र फांदी धरण्याआधी फांदीकडे बघ. हिरवा चापडा हा विषारी साप पानांत तसाच निवांत पडलेला असतो आणि आपलं प्रतिसर्पविष नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चौघांसाठी बनतं, त्याच्यासाठी नाही. कड्यावर आग्या मोहोळ दिसलं तर अत्तर नको, धूर नको, आरडाओरडा नको. मागे फिरा.

गोचिडीचं तर तुम्हा पुण्यात राहणाऱ्यांना माहीतच नसतं. दोडामार्ग-सावंतवाडीकडे २०१६ पासून माकडतापाचे रुग्ण सापडले आहेत आणि तो गोचिडीतून येतो. काजूच्या बागेत पाचोळ्यावर बसू नका, मेलेलं माकड दिसलं तर जवळ न जाता आरोग्य केंद्राला कळवा. पायजमा मोज्यात खोचा. घरी आल्यावर कानामागे, काखेत, कमरेला एकमेकांचं अंग तपासा. चिकटलेली गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढायची. जाळायची नाही, तेल ओतायचं नाही. पुढच्या आठवडा-दोन आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांना रानात गेल्याचं आपणहून सांगा.

आणि दंश झालाच तर. अंगठी, बांगड्या, घड्याळ लगेच काढा. दंश झालेला हात किंवा पाय फळीला सैल बांधून हलू देऊ नका. करकचून दोरी नाही, चिरा नाही, तोंडाने ओढणं नाही, मांत्रिक तर नाहीच. साप मारायला कोणी मागे धावायचं नाही. त्यात दुसऱ्यालाही दंश होतो. वेळ लक्षात ठेवा, १०८ ला फोन करा आणि रुग्णाला चालवू नका. डोंगरात रेंज जाते, म्हणून निघायच्या आधीच जवळचं रुग्णालय कुठे आणि तिथे प्रतिसर्पविष आहे का, हे विचारून ठेवायचं. आपल्या भागापुरती ती चौकशी मी करून ठेवते. तू मला रोजचा मार्ग आणि परतायची वेळ सकाळी कळवत जा.

घोट्याच्या वर येणारे बूट पुण्याहूनच घे. इथल्या दुकानात तुझ्या मापाचे मिळत नाहीत. मित्रमैत्रिणींनाही सांग, कोणी चपला घालून आलं तर मी घराबाहेर सोडणार नाही.

तुझी,
आई