स्टोअरकीपर संपादकाचं नाव राहिलं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

6 जानेवारीचं पत्रकार दिनाचं पान वाचलं. 'दर्पण', बाळशास्त्री, पुढं टिळक-आगरकर. सगळं बरोबर. पण नारायण मेघाजी लोखंडे यांचं नावही नाही. ते तुमच्याकडं 1 मेला येतात, कामगार पुढारी म्हणून. अहो, तो माणूस संपादक होता!

मी सोलापुरातल्या एका गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर होतो. आधी सात वर्षं बदली, म्हणजे गैरहजर माणसाच्या जागी, मग कायम. लोखंड्यांचं नाव पहिल्यांदा ऐकलं ते गेटवर, एका म्हाताऱ्या जॉबरकडून, म्हणजे मुकादमाकडून. लोखंडे स्वतः मुंबईत गिरणीचे स्टोअरकीपर होते हे त्यानंच सांगितलं, आणि मला ते फार आवडलं. स्टोअरकीपरला सगळं ठाऊक असतं. कुठल्या खात्यात काय मोडलं, कुणाचं बोट गेलं, कुणाचा पगार अडला.

कृष्णराव भालेकरांनी 1877 साली पुण्यात 'दीनबंधू' हे पत्र काढलं. आमच्या सोलापूरची 'जुनी मिल'ही त्याच सालची. पत्र पैशाअभावी बंद पडलं, ते 1880 मध्ये लोखंड्यांनी मुंबईत पुन्हा उभं केलं. आणि हा संपादक नुसता लिहून थांबला नाही. 1884 साली त्यानं गिरणी कामगारांचा अर्ज सरकारकडं धाडला, खाली साडेपाच हजार सह्या. त्यांत अंगठेच जास्त असणार. मागण्या काय? रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, दुखापत झाली तर भरपाई, आणि पगार पुढच्या महिन्याच्या 15 तारखेच्या आत.

या 15 तारखेवर मी थबकलो. आमच्या गिरणीच्या शेवटच्या वर्षी आम्हाला 15 तारीखसुद्धा मिळत नव्हती. गिरणी सुटताना मिळायच्या माझ्या हिशेबाचं तर बोलूच नका.

रविवार मिळायला मात्र 10 जून 1890 उजाडावं लागलं. त्याआधी एप्रिलमध्ये महालक्ष्मीच्या मैदानावर दहाएक हजार कामगार जमले होते, आणि दोन बायकाही तिथं बोलल्या. पुढं मुंबईत प्लेग आला तेव्हा लोखंडे रोग्यांच्या सेवेत होते. त्यातच 9 फेब्रुवारी 1897 ला गेले. वय पन्नासही नव्हतं.

आमच्या घरी रविवार म्हणजे सकाळी बाळ्याच्या खंडोबाला जाऊन येणं, दुपारी मटणाचा रस्सा आणि भाकरी, आणि जानेवारी असेल तर संध्याकाळी पोरांना घेऊन गड्डा, म्हणजे सिद्धेश्वराची जत्रा. भोंगा वाजायचा नाही त्या दिवशी. माझी आई तो दिवस 'कान मोकळे' म्हणायची.

9 फेब्रुवारी जवळ आली आहे. चार ओळी छापा. फोटो नसला तरी चालेल, पण नावाआधी 'संपादक' लिहा.

आपला,
एक निवृत्त साचेवाला, सोलापूर