मित्रास पत्र: ती हार्डडिस्क जिन्यावरून फिरवणं बंद कर

प्रिय समऱ्या,

तुझा लांबलचक व्हॉइस मेसेज ऐकला, निम्मा रिक्षाच्या हॉर्नमध्ये गेला पण मुद्दा कळला. चार एक्स्टर्नल हार्डडिस्का, खाली काकांचा पीसी, वर वहिनींचा लॅपटॉप, हॉलमध्ये नवा टीव्ही, आणि डिस्क मात्र दिवसभर वर-खाली करतीये, परवा तर हातातून सटकता सटकता वाचली म्हणतोस. डिस्क एका जागी ठेवून तिच्यातल्या फाइली सगळ्यांना घरच्या नेटवर्कवरून दिसाव्यात, हेच ना तुला हवंय? टाइप करून सांगण्याइतकं थोडक्यात हे मावणार नाही म्हणून पत्रच लिहितोय, चहा घेऊन बस.

आधी एकच गोष्ट डोक्यात पक्की कर, बाकी सगळं त्यातूनच निघतं. शेअर करायची डिस्क कुणाच्या रोजच्या लॅपटॉपला लावायची नाही. घरात जे यंत्र कधी झोपत नाही आणि जे कुणी उचलून ऑफिसला नेत नाही त्याला लावायची. लोक नेमकं उलटं करतात, वहिनींच्या लॅपटॉपला डिस्क लावतात, राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमधून शेअर करतात, चालतं पण झटकन आणि मग दुसऱ्या दिवशी बोंब सुरू. लॅपटॉप झोपला की टीव्हीवरचा व्हिडिओ अडकला. किंवा वायफाय पब्लिक प्रोफाइलवर आहे म्हणून कुणाला काही दिसतच नाही, ते प्रायव्हेट करावं लागतं. किंवा पासवर्ड विचारल्यावर माणूस विंडोजचा चार आकडी पिन टाकत बसतो, तो पिन फक्त त्या एका मशीनपुरता असतो रे, नेटवर्कवरून खात्याचा खरा पासवर्डच लागतो. आणि सगळ्यात वैताग म्हणजे ड्राइव्हचं अक्षर, आज ई आहे, उद्या आधी पेनड्राइव्ह लावला की डिस्क एफ होते आणि शेअर गायब. डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन तिला एक्स किंवा झेडसारखं मागचं अक्षर कायमचं देऊन टाकलं की हे थांबतं. आजच्या रात्रीपुरतं भागवायचं असेल तर एवढं कर. पण हा संसार नाही, ही पाहुणचाराची सोय आहे.

मग न झोपणारं यंत्र कोणतं? पहिलं म्हणजे तुमचा राउटर, त्याच्या मागे यूएसबीचं भोक असेल तर. डिस्क लाव, राउटरच्या सेटिंगमध्ये फाइल शेअरिंग किंवा साम्बा असं काहीतरी लिहिलेलं असतं ते चालू कर. फुकटात होतं म्हणून आधी हेच करून बघ. पण अपेक्षा ठेवू नकोस. राउटरमधला प्रोसेसर बिचारा आधीच सगळ्या घराचं इंटरनेट ओढत असतो, त्यात त्याला एनटीएफएसवर (डिस्कची विंडोजवाली फॉरमॅट) लिहायला लावलं की तो धापा टाकतो. गाणी ऐकायला, फोटो बघायला ठीक, पण वहिनी एखाद्या लग्नाचं अख्खं शूट त्याच्यावर टाकायला गेल्या तर रात्र तिथेच. शिवाय छोटी अडीच इंची डिस्क यूएसबीतूनच वीज घेते, राउटरचं पोर्ट तेवढी देईलच असं नाही. डिस्कमधून टकटक आवाज आला आणि ती सारखी दिसेनाशी व्हायला लागली तर आधी तो संशय घे, स्वतःचा अ‍ॅडॉप्टर असलेला यूएसबी हब मध्ये टाकून बघ.

आणि जुन्या राउटरची अजून एक गंमत. खाली काकांच्या पीसीवर शेअर दिसतं, वर वहिनींच्या विंडोज ११ वर दिसत नाही, असं तू म्हणालास ना? त्याचं कारण बहुतेक हेच असणार. हे फाइल शेअरिंग ज्या भाषेत चालतं ती एसएमबी, आयबीएममध्ये १९८३ च्या सुमारास जन्मलेली. तिची पहिली आवृत्ती म्हणजे एसएमबी १, तिच्यातल्या एका भोकातून मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाचं रॅन्समवेअर (फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस) जगभर घुसलं, ब्रिटनमधले दवाखानेसुद्धा बंद पडले होते. त्याच वर्षीच्या शेवटी आलेल्या विंडोज १० च्या अपडेटपासून मायक्रोसॉफ्टने एसएमबी १ आपोआप टाकणं बंद केलं. पण स्वस्त आणि जुने राउटर अजून तेवढंच बोलतात. काकांचा पीसी जुना, वर्षानुवर्षं अपडेट होत आलेला, त्याच्यात ते शिल्लक असणार म्हणून चालतंय. त्यात विंडोज ११ च्या २४एच२ या अपडेटपासून प्रो आवृत्तीत बिनपासवर्डचं गेस्ट शेअरसुद्धा उघडत नाही. आता यूट्यूबवर कुणीतरी सांगेल की वहिनींच्या लॅपटॉपवर एसएमबी १ चालू करा, दोन क्लिकचं काम आहे. करू नकोस. राउटर जुना आहे म्हणून चांगल्या लॅपटॉपचं दार काढून ठेवायचं हे मला पटत नाही. राउटरच्या सेटिंगमध्ये एसएमबी २ किंवा ३ मिळतंय का बघ, युजरनेम-पासवर्ड लावता येतोय का बघ, नसेल तर राउटरचा नाद सोड.

दुसरा पर्याय म्हणजे रास्पबेरी पाय (तळहाताएवढा छोटा कॉम्प्युटर), आणि तिसरा, जो मला तुझ्यासाठी जास्त आवडतोय, दादाचा तो माळ्यावर पडलेला लॅपटॉप. पाय घ्यायचाच तर ४ किंवा त्यापुढचा घे. पाय ३ मध्ये यूएसबी आणि लॅन दोघं एकाच यूएसबी २ च्या रस्त्यावरून जातात, २०१९ मध्ये पाय ४ आला तेव्हा कुठे यूएसबी ३ आणि खरं गिगाबिट लॅन मिळालं. वीज अगदी कमी खातो, पाच वॅट धरले तर महिन्याला साडेतीन-चार युनिट. जुना लॅपटॉप वीस वॅट धर, म्हणजे महिन्याला चौदा-पंधरा युनिट. पण लॅपटॉप फुकट आहे आणि त्याला बॅटरी आहे, म्हणजे लाईट गेली तरी डिस्क धाडकन बंद पडत नाही (अडीच इंचीच हां, मोठ्या साडेतीन इंचीला वेगळा अ‍ॅडॉप्टर लागतो, ती भिंतीवरच्या प्लगवर). उन्हाळ्यात तुमच्याकडे लाईटचे जे खेळ चालतात ते बघता हा मुद्दा मोठाय. फक्त बॅटरी फुगलेली नाही ना ते आधी बघ, फुगली असेल तर काढून टाक आणि सरळ पायच घे. त्याच्यावर विंडोजच्या जागी डेबियन (फुकटचं लिनक्स) टाक, झाकण मिटल्यावर झोपू नको एवढी सेटिंग कर, साम्बा टाक. साम्बा म्हणजे एसएमबी बोलणारं फुकट सॉफ्टवेअर, अँड्र्यू ट्रिजेल नावाच्या माणसाने कॅनबेरात पीएचडी करता करता १९९१-९२ मध्ये लिहायला घेतलं, वायरवरून जाणारी पॅकेटं बघून बघून प्रोटोकॉल ओळखला पठ्ठ्याने. साम्बाचे पासवर्ड लिनक्सच्या पासवर्डपेक्षा वेगळे ठेवावे लागतात हे लक्षात ठेव, पुष्कळ जण तिथेच अडतात. आणि विंडोजच्या नेटवर्कमध्ये त्याचं नाव आपोआप दिसावं असं वाटत असेल तर डब्ल्यूएसडीडी नावाचं छोटं पॅकेज लागतं, नाहीतर सरळ पत्ता टाकून उघडायचं. पत्ता बदलू नये म्हणून राउटरमध्ये त्या लॅपटॉपला कायमचा आयपी राखून ठेव, १९२.१६८.१.५० असा काहीतरी, तोच सगळ्यांच्या मशीनवर मॅप करून टाक.

आता वेग. इथे तुझी वायर बघावी लागेल. वर-खाली जी लॅन केबल टाकलीये ना, ती टाकणाऱ्याने आठपैकी चारच तारा क्लिपमध्ये बसवल्या असतील अशी मला दाट शंका आहे, बरेच जण तसंच करतात कारण इंटरनेट त्याच्यावर चालतं आणि गिऱ्हाईक गप्प बसतं. चार तारांवर १०० एमबीपीएसच मिळतात, गिगाबिटला आठही लागतात. १०० वर सेकंदाला जेमतेम ११ एमबी फाइल जाते, म्हणजे काकांचा पाचशे जीबीचा खजिना हलवायला साडेबारा तास. गिगाबिटवर ११० पर्यंत जातं, तेच काम दीड तासाच्या आत, अर्थात डिस्क तेवढा वेग देत असेल तर. मोठ्या पोर्टेबल डिस्का बऱ्याचशा एसएमआर प्रकारच्या (डेटाचे पट्टे एकमेकांवर चढवून दाटीने लिहिणाऱ्या) असतात, सलग लिहीत राहिलं की मध्येच दमतात, तेव्हा नेटवर्कला शिव्या देऊ नकोस. पहिली मोठी कॉपी तर नेटवर्कवरून करूच नकोस, डिस्क थेट लावून कर.

टीव्हीवर बघायला मात्र एवढा वेग लागत नाही, फक्त काकांच्या त्या मिनी डीव्ही (जुन्या व्हिडिओ कॅमेऱ्याच्या) कॅसेटींवरून उतरवलेल्या फाइली सोडून. तू म्हणालास ना की चिन्मयच्या मुंजीचा व्हिडिओ अडकत अडकत चालतो. डीव्ही म्हणजे तासाला साधारण १३ जीबी, सेकंदाला साडेतीन एमबीच्या वर, हॉलमधलं २.४ गिगाहर्ट्झचं वायफाय दोन भिंती ओलांडून तेवढं सतत देईल याची खात्री नाही. टीव्हीला वायर दे. नाहीतर हँडब्रेक नावाच्या सॉफ्टवेअरने त्याची एच २६४ (दाबून लहान केलेली) कॉपी काढ, तासाला दोन जीबीच्या आसपास बसेल, आणि डीइंटरलेस चालू ठेव नाहीतर भटजी हात हलवतात तिथे कंगव्यासारख्या रेषा दिसतील. मूळ डीव्ही फाइल मात्र पुसायची नाही. त्या कॅसेटी आणि तो कॅमेरा आता किती दिवस साथ देतील काय माहीत.

याच फाइलींमुळे डिस्कची फॉरमॅटही ठरते. फॅट ३२ वर ४ जीबीच्या वरची एक फाइल बसतच नाही, म्हणजे मुंज बाद. एक्सफॅट विंडोज, मॅक, लिनक्स सगळीकडे चालते पण तिला जर्नल (अर्धवट राहिलेल्या बदलांची नोंदवही) नसतं, लिहिता लिहिता लाईट गेली तर फोल्डरचा फोल्डर उडू शकतो, सतत लावून ठेवायच्या डिस्कसाठी मी ती घेणार नाही. एनटीएफएस लिनक्सवर चालते, २०२१ पासून कर्नलमध्येच तिचा चांगला ड्रायव्हर आहे, मॅक मात्र ती नुसती वाचतो, लिहीत नाही. पण गंमत अशी की एकदा साम्बाच्या मागे डिस्क गेली की मॅक असो नाहीतर फोन असो, त्यांना आतली फॉरमॅट दिसतच नाही, ते फक्त एसएमबी बघतात. म्हणून कायमची लावायची डिस्क सरळ ईएक्सटी ४ (लिनक्सची स्वतःची फॉरमॅट) कर. फॉरमॅट म्हणजे सगळं पुसलं जातं हे तुला सांगायला नको, आधी दुसऱ्या डिस्कवर उतरवून घे.

एक भानगड तरीही होणार, आणि ती फक्त आपल्यासारख्यांच्याच घरात होते. काकांना फाइलला नाव देताना निबंध लिहायची सवय आहे. ‘२००४ मे चिन्मयच्या मुंजीचा व्हिडिओ भाग दोन कार्यालयातले सकाळचे विधी आणि दुपारची पंगत आत्यांच्या उखाण्यांसह’, असलं काहीतरी. एनटीएफएसवर नावात २५५ अक्षरं चालतात, ईएक्सटी ४ वर २५५ बाइट. इंग्रजीत दोन्ही सारखंच, पण देवनागरीतलं प्रत्येक अक्षर, काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त सगळे वेगवेगळे मोजून, तीन तीन बाइट खातं. म्हणजे पंच्याऐंशीच्या आसपास खेळ खल्लास, आणि कॉपी मध्येच ‘नाव फार लांब’ म्हणून थांबते. काकांना दुखवू नकोस, नाव छोटं कर आणि निबंध त्याच फोल्डरमध्ये एका टेक्स्ट फाइलमध्ये ठेव. ती माहिती पुढे सोन्यासारखी आहे, कोण कुठली आत्या हे आता काकांनाच माहितीये.

परवानग्या पण आत्ताच लाव. काकांचा संग्रह सगळ्यांना फक्त वाचायला, लिहायचा हक्क काकांना आणि तुला. वहिनींच्या कामाचा फोल्डर त्यांचा त्यांना, गिऱ्हाइकांच्या लग्नाचे फोटो आहेत ते, टीव्हीवर दिसायचं कारण नाही. आणि एक ‘सगळ्यांचं’ नावाचा फोल्डर, तिथे पोरांनी काय घालायचा तो गोंधळ घालू दे. कारण नेटवर्कवरून डिलीट केलेली फाइल रिसायकल बिनमध्ये जात नाही, थेट जाते. साम्बामध्ये रिसायकल नावाची सोय आहे ती चालू केली की पुसलेलं एका लपलेल्या फोल्डरमध्ये पडून राहतं, ती नक्की लाव. आणि एफस्टॅबमध्ये (लिनक्स सुरू होताना कोणत्या डिस्का जोडायच्या त्याची यादी) डिस्क यूयूआयडीने, म्हणजे तिच्या कायमच्या ओळख क्रमांकाने लिही, सोबत नोफेल (डिस्क नसली तरी पुढे जा), नाहीतर एखाद्या दिवशी डिस्क लावायची राहिली की लॅपटॉप सुरूच व्हायचा नाही.

फोनवरून बघायला आयफोनमध्ये फाइल्स अ‍ॅपमध्येच सर्व्हरला जोडायची सोय आहे, अँड्रॉइडवर व्हीएलसी टाक, टीव्हीवर पण तेच. पाहुण्यांचं गेस्ट वायफाय वापरत असाल तर त्याच्यावरून काही दिसणार नाही, ते मुद्दाम वेगळं ठेवलेलं असतं, बिघाड नाही.

दादाला न्यू जर्सीहून बघायचंय म्हणालास. त्यासाठी राउटरमध्ये पोर्ट ४४५ (एसएमबीचं दार) कधीही बाहेर उघडू नकोस, कुणी कितीही सोपं आहे म्हणून सांगितलं तरी. तसंही आपल्याकडे बऱ्याच कनेक्शनला स्वतःचा पब्लिक आयपी नसतोच, सीजीनॅटच्या (अनेक गिऱ्हाइकांना मिळून एकच पत्ता) मागे असतं सगळं, त्यामुळे चालणारही नाही. टेलस्केल (दूरची मशीनं खासगी नेटवर्कने जोडणारं सॉफ्टवेअर) टाक, लॅपटॉपवर आणि दादाच्या मशीनवर, दोघं एकाच घरात असल्यासारखे जोडले जातात. मात्र तुमच्या अपलोडच्या वेगाने जाईल, डीव्ही नाही, त्या छोट्या कॉप्या बघू दे त्याला.

आणि हे सगळं झाल्यावर, ‘आता सगळं सर्व्हरवर आहे’ म्हणून बाकीच्या डिस्का फॉरमॅट करून विकायला काढू नकोस. शेअर केलेली डिस्क म्हणजे सगळ्यांचे हात लागणारी डिस्क, तिचीच दुसरी प्रत हवी. चारपैकी एक चांगली बघून काकांचा पूर्ण संग्रह तिच्यावर उतरव, काढून काकांच्या कपाटात ठेव, दर महिन्याला एकदा लावून नवीन तेवढं भर. आरसिंक नावाची लिनक्सची कमांड हे काम करते, मी तुला ती ओळ लिहून पाठवीन.

तू एवढं कर, राउटरच्या खालच्या स्टिकरचा फोटो (पासवर्ड झाकून), लॅन केबलच्या दोन्ही क्लिपांचा जवळून फोटो आणि दादाच्या लॅपटॉपचं मॉडेल पाठव. निळा यूएसबी पोर्ट (बहुधा वेगवान यूएसबी ३) आहे का तेही बघ. गणपतीत येतोय तेव्हा क्रिम्पिंगची (केबलला क्लिप बसवायची) पकड घेऊन येतो, आठ तारा मीच बसवतो, तोपर्यंत कॉपी तेवढी उरकून ठेव.

काका-काकूंना नमस्कार. वहिनींना सांग त्यांच्या फोल्डरला कुणी हात लावणार नाही, अगदी तूसुद्धा नाही.

तुझा,
नंदू