गडकरी साहेब, घरी बनवलेल्या गाडीला पण एक फॉर्म द्या की

मा. नितीनजी गडकरी साहेब,
केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्री

साहेब नमस्कार. सोलापूरवरनं लिहितोय, अक्कलकोट रोडला माझं गॅरेज आहे. खड्डे, टोल, फास्टॅग यातलं काही मागायचं नाहीये, त्यामुळं पत्र शेवटपर्यंत वाचाल अशी आशा आहे. विषय आहे रेप्लिका स्पोर्ट्स कारचा, म्हणजे जुन्या नावाजलेल्या स्पोर्ट्स कारसारखी दिसणारी गाडी स्वतः बनवायची आणि स्वतः चालवायची. आमच्याकडं यावर दोन पार्ट्या पडल्यात. एक म्हणती हौसेला मोल नाही, बनवू द्या. दुसरी म्हणती हे सगळे नकली मालवाले, उद्या कुणाच्या तरी अंगावर घालतील, बंद करा. मी पहिल्या पार्टीतला, पण दुसऱ्यांचं निम्मं म्हणणं मला पटतं, आणि हे भांडण मिटवायची किल्ली दिल्लीत तुमच्या टेबलावर आहे म्हणून तुम्हालाच लिहायलोय.

आधी गाडी सांगतो. १९५७ साली इंग्लंडात लोटस कंपनीनं सेव्हन नावाची गाडी काढली, कॉलिन चॅपमन म्हणून माणूस होता त्याची. दोन सीट, दारं नाहीत, छप्पर नावापुरतं, पाईपची फ्रेम आणि वर ॲल्युमिनियमचा पत्रा, वजन सगळं मिळून ५०० किलोच्या आसपास. तिकडं तयार गाडीवर पर्चेस टॅक्स लागायचा आणि सुट्ट्या पार्टवर नाही, मग कंपनी पार्ट द्यायची आणि गिऱ्हाईक घरी जोडून घ्यायचं. १९७३ मध्ये त्या गाडीचे हक्क केटरहॅम कंपनीनं घेतले आणि तेच वळण आजही बनतंय बघा. त्याच वळणाची एक आम्ही दोस्त मंडळींनी बनवली. एक इंची चौकोनी पाईपची फ्रेम, जिप्सीचं १२९८ सीसीचं इंजिन, नाक आणि मडगार्ड फायबरचे. फायबरचं काम सोलापुरात करणं म्हणजे काय ते करणाऱ्यालाच ठाऊक, मे महिन्यात रेझिनमध्ये हार्डनर दोन थेंब जास्त पडला की मॅटवर ब्रश फिरायच्या आत मगातच दगड होतो, मगाला हात लावला तर चटका बसतो, म्हणून आम्ही ते काम पहाटेच करायचो. चाकाचे हब आणि स्पेसर एमआयडीसीतल्या एका लेथवाल्यानं काढून दिले. हे शहर म्हणजे फक्त चादर आणि शेंगाचटणी नाही साहेब, प्रिसिजन कंपनीचे कॅमशाफ्ट इथनं परदेशी कंपन्यांच्या इंजिनात जातात, हात तयार आहेत इथले. आणि हो, नाकावर लोटसचा बिल्ला नाही लावला, त्या जागी कोरी गोल चकती आहे.

आता गाडी उभी आहे आणि उभीच राहणार आहे. नवीन गाडी पासिंग करायची तर फॉर्म २०, म्हणजे नोंदणीचा अर्ज, आणि त्याबरोबर फॉर्म २१ आणि फॉर्म २२ लागतात. २१ म्हणजे विक्रीचा दाखला, तो विकणारा देतो. २२ म्हणजे गाडी रोडवर्दी, रस्त्यावर चालवायच्या लायकीची असल्याचा दाखला, तो बनवणारी कंपनी देते. आम्हाला विकणारं कुणी नाही आणि कंपनी म्हणजे मी, लेथवाला आणि इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाचं एक पोरगं. एका इन्स्पेक्टर साहेबांना गाडी दाखवली, बाजूनं फिरून बघितली, खाली वाकून वेल्डिंग बघितलं, हसले आणि म्हणाले गाडी चांगली बनवलीय ओ, पण हिला कुठल्या रकान्यात टाकू? त्यांचं काय चुकलं. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम १२६ खाली टाईप अप्रूव्हल, म्हणजे नमुन्याची गाडी तपासून मॉडेलला मिळणारी मंजुरी, घ्यायचं तर ते हजारोनं गाड्या काढणाऱ्या कंपनीच्या मापानं शिवलंय. २०१७ पासून नवीन मॉडेलला समोरून आणि बाजूनं धडकवायची टेस्ट आहे, हजार गाड्या बनवणाऱ्यानं त्यातली एकदोन ठोकली तर काय बिघडत नाही, पण ज्याची एकच गाडी आहे त्यानं तीच ठोकायला दिली तर पास झाल्यावर घरी काय न्यायचं, सर्टिफिकेट?

बरं मग लोक काय करतात ते सांगतो, तुम्हाला माहीत असणारच. जुनी सिव्हिक नाहीतर ॲकॉर्ड घ्यायची, वरची बॉडी कापून टाकायची, लॅम्बोर्गिनीसारखी फायबरची बॉडी चढवायची, आणि आरसी तशीच ठेवायची, होंडाची. कागदावर होंडा आणि रस्त्यावर लॅम्बोर्गिनी. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सरळ सांगतं की आरसीवरचा तपशील आणि कंपनीनं ठरवलेलं स्पेसिफिकेशन यात फरक पडेल असा बदल मालकानं करायचा नाही, जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानंही तेच पक्कं केलं, आणि त्याच वर्षी तुमच्या दुरुस्तीत कलम १८२अ आलं, एकेका बदलाला ५००० रुपये दंड नाहीतर सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. कायदा कडक आहे, मान्य. पण त्यानं झालं काय, जो चोरून करतो त्याचं चालतंय आणि जो खरं सांगायला जातो की ही गाडी मी बनवलीय, तोच अडकतोय. लग्नसराईत या सोलापुरात, नवरदेव ज्या विंटेज गाडीत बसून वरातीला निघतो ती बघा एकदा. जुन्या जीपच्या चेसीवर पत्र्याचे गोल मडगार्ड, पितळी भोंगा, मोठे हेडलाईट. पुढं बँड, मागं वऱ्हाड, कडेला ट्रॅफिक हवालदार हात करून वाट करून देतोय. तिला कुणी फॉर्म २२ विचारलाय का कधी?

देवराष्ट्रेचं उदाहरण तर अख्ख्या देशानं बघितलं. सांगली जिल्ह्यातल्या त्या कारागिरानं भंगारातनं छोटी जीप बनवली, मोटरसायकलसारखी किक मारून चालू होणारी. डिसेंबर २०२१ मध्ये आनंद महिंद्रांनी तिचं कौतुक केलं आणि त्याच दमात लिहिलं की नियमात बसत नाही म्हणून प्रशासन कधीतरी ही थांबवणारच, त्यापेक्षा मी बोलेरो देतो. बोलेरो मिळाली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. पण साहेब, माणसाला बक्षीस मिळालं आणि गाडीला रस्ता नाही मिळाला. प्रत्येक गावात महिंद्रा कुठनं यायचे?

दुसऱ्या पार्टीचं म्हणणं आता. नकली माल. यावर आम्हा सोलापूरकरांना कुणी शिकवू नये, कारण दुसरीकडच्या मागावर विणलेल्या चादरीवर सोलापुरी म्हणून लेबल लावून विकणारे आम्ही वर्षानुवर्षं बघतोय, जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळूनही ते थांबलेले नाहीत. त्या विणकराच्या हातावर माझा राग नाही, राग लेबलवर आहे. गाडीचं तेच. २०१९ मध्ये ब्राझीलच्या इताजाईत पोलिसांनी एक वर्कशॉप बंद केलं, तिथं फेरारी लॅम्बोर्गिनीच्या नकला बिल्ल्यासकट बनवून विकायचे, बरोबर केलं पोलिसांनी. अमेरिकेत फेरारीनं तर बॉडीच्या आकारावरनंच केस लढली आणि १९९१ मध्ये अपिलातही जिंकली, म्हणजे नुसता बिल्ला काढला की सुटलो असंही नाही, हे आमच्या पार्टीतल्या पोरांनी नीट ऐकावं. आपल्याकडं डिझाईन कायद्याखाली आकाराची नोंदणी जास्तीत जास्त १५ वर्षं चालते, त्यामुळं साठ वर्षांपूर्वीच्या आकाराला ते कुंपण राहिलेलं नाही, पण ट्रेडमार्क मात्र दर १० वर्षांनी रिन्यू करत कायम ठेवता येतो. म्हणून कुणाचा बिल्ला लावायचा नाही, कुणाचं नाव घालायचं नाही आणि विकताना आरसीवरच लिहिलेलं असलं पाहिजे की ही रेप्लिका आहे, एवढं तुम्ही सक्तीचं करा, आमची हरकत नाही. ज्याला फेरारीचा घोडा चिकटवून सात रस्ता चौकात पोरींसमोर भाव खायचा आहे त्याची वकिली मला करायचीच नाहीये.

राहिला सेफ्टीचा मुद्दा आणि इथं मी दुसऱ्या पार्टीच्या बाजूनं जास्त बोलणार. आमच्याच लाईनमध्ये मी अशा गाड्या बघितल्यात की ज्यांचा स्टिअरिंग कॉलम मधे तोडून वेल्ड केलाय, सीटबेल्ट नुसत्या पत्र्याला वॉशर न लावता नटबोल्टनं आवळलाय, हिसका बसला तर बेल्टसकट पत्रा उपटून हातात येईल. मागचे ब्रेक पुढच्यांच्या आधी लॉक होतात कारण बॉडी हलकी झाली, वजनाचा तोल बदलला आणि ब्रेक मात्र जुन्या जड गाडीचेच. वरनं दिसतं कसं, तर लाल चकचकीत, फोटोला एक नंबर. या गाड्या कुणी तपासत नाही कारण कागदावर त्या अस्तित्वातच नाहीत. म्हणजे बंदीनं सेफ्टी आली नाही, तपासणी तेवढी गेली.

इंग्लंडात एकेक गाडी तपासून पास करायची पद्धत आहे, पूर्वी तिला एसव्हीए म्हणायचे, २००९ पासून आयव्हीए. तपासणारा गाडी ठोकत नाही. ब्रेक, स्टिअरिंग, सीटबेल्टचे पॉइंट, आरसे, दिवे, आवाज, धूर, सगळं एकेक बघतो. बाहेर आलेल्या कडांची गोलाई २.५ मिलिमीटरच्या खाली असली तर तेवढ्यावर परत पाठवतो. आणि ज्या गाडीचं वय किंवा मूळ पक्कं सांगता येत नाही तिला क्यू अक्षरानं सुरू होणारा नंबर देतात, म्हणजे घेणाऱ्याला प्लेट बघूनच कळतं की चौकशी करून घे बाबा. अमेरिकेनं २०१५ मध्ये वेगळा रस्ता काढला, निदान २५ वर्षं जुन्या गाडीसारखी दिसणारी रेप्लिका छोट्या कंपनीनं वर्षाला ३२५ पर्यंत बनवायची, धडकवायच्या टेस्टमधनं सूट, पण इंजिन आजच्या धुराच्या नियमात बसणारं आणि डिझाईनचे हक्क रीतसर घेतलेले पाहिजेत. कायदा २०१५ चा आणि नियम पक्के व्हायला २०२२ उजाडलं, तेव्हा सरकारी गाडा तिकडंही आपल्यासारखाच चालतो असं दिसतंय.

आपल्याकडं हे सगळं नवीन आहे असंही नाही. ट्रकचं बघा ना, कंपनी नुसती चेसी देते, बॉडी दुसरीकडं बांधतात, आणि त्यासाठी फॉर्म २२अ आहे, एका भागावर कंपनीची सही आणि दुसऱ्या भागावर बॉडी बिल्डरची. म्हणजे एक गाडी दोघांनी बनवली हे कायद्याला चालतं. सीएनजी किट चालतं, जुन्या गाडीला इलेक्ट्रिक किट बसवायला मानकं आहेत. २०२१ मध्ये तुमच्याच मंत्रालयानं ५० वर्षांवरच्या विंटेज गाड्यांसाठी व्हीए सिरीज काढली, २०००० रुपये फी ठेवली, आणि रोजच्या धंद्यापाण्याला ती चालवायची नाही अशी अट घातली. हौशी लोकांनी कुरकुर न करता मानलं. तसंच आमच्यासाठी करा. वेगळी सिरीज द्या, वर्षाला एका माणसाला एकच गाडी, भाड्यानं द्यायची नाही, काही वर्षं विकायची नाही, वेग बांधून द्या, एक्सप्रेसवेवर येऊ नका म्हणा, थर्ड पार्टी इन्शुरन्स जरा महाग लावा. बीएस सिक्सचं, म्हणजे आजच्या धुराच्या नियमाचं, अवघड आहे हे मलाही कळतं, जिप्सीचं इंजिन त्यात बसणार नाही. मग वाटल्यास ज्या सालचं इंजिन त्या सालच्या नियमानं धूर मोजा आणि किलोमीटरवर मर्यादा घाला, नाहीतर सरळ सांगा की नवीन रेप्लिका इलेक्ट्रिकच पाहिजे. तुम्ही स्वतः हायड्रोजनच्या गाडीत बसून संसदेत गेलेला माणूस, तुम्हाला मोटर बसवलेली सेव्हन आवडायला हरकत नाही. मला इंजिनाचा आवाज आवडतो, पण पासिंग मिळणार असलं तर तोही सोडतो.

एक मात्र करू नका. एजंटच्या हातात देऊ नका हे काम. इंजिन नंबर चेसी नंबर कुठनं आला याचा पुरावा मागा, भंगारात काढलेल्या गाडीची पावती मागा, फ्रेम बनवतानाचे फोटो मागा, वेल्डिंगच्या जोडाजोडाचे. खरा बनवणारा असले फोटो मागायच्या आधीच दाखवतो, माझ्या मोबाईलमध्ये पोरांच्या बारशाचे कमी आणि फ्रेमचे जास्त आहेत (हे घरी बोलायचं नाही). ज्याच्याकडं एकपण फोटो नाही त्याची गाडी चोरीची किंवा विकत आणलेली समजा.

आणि ती इंजिनिअरिंगची पोरं. बाहा, फॉर्म्युला भारत असल्या स्पर्धांसाठी कॉलेजची पोरं रात्र रात्र जागून गाड्या बनवतात, पीथमपूरला कोइमतूरला ट्रकमध्ये घालून नेतात, आणि परत आल्यावर ती गाडी वर्कशॉपच्या कोपऱ्यात जाळीत ठेवतात. नोकरी लागली की पोरगं पुण्याला जातं आणि एक्सेल भरतं. त्यातल्या चार जणांनी गावात राहून वर्षाला चार गाड्या बनवल्या तर लेथवाल्याला काम, फायबरवाल्याला काम, सीट शिवणाऱ्याला काम. मोठी इंडस्ट्री वगैरे होईल असं मी म्हणत नाही, पण काहीच नाही त्यापेक्षा बरं.

ड्राफ्ट नोटिफिकेशन काढा साहेब, हरकती मागवा, दोन्ही पार्ट्या आपापलं लिहून पाठवतील. आणि तोपर्यंत नमुना म्हणून एखादी गाडी कुणाला तपासून बघायची असेल तर गाड्या तपासणाऱ्या संस्था आहेतच, एआरएआय पुण्यात आहे, व्हीआरडीई अहिल्यानगरला आहे, दोन्ही आम्हाला लांब नाहीत. ट्रॉलीवर टाकून गाडी आम्ही आमच्या खर्चानं आणतो, सीटबेल्टचे पॉइंट ओढून बघा, ब्रेक मारून बघा, जे नापास होईल ते लिहून द्या. फक्त कुठं आणि कधी आणायची ते कळवा.

आपला,
अक्कलकोट रोडचा एक गॅरेजवाला, सोलापूर