आजी झोपलेली नाही

पुणे,
रविवार, संध्याकाळ

प्रिय विनू,

सप्रेम सलाम.

जूनपासून तुझे चार फोन येऊन गेले, मी एकही उचलला नाही. आईच्या मातीला तू नाशिकहून रातोरात गाडी काढून आलास, पेटीला खांदा दिलास, आणि परत नीट पोचलास का एवढंही मी विचारलं नाही. तुझं नाव फोनवर दिसलं की मला 1989 चा पावसाळा आठवायचा आणि फोन हातातच राहायचा. का ते सांगतो.

तब्येत ठीक. शुगर आटोक्यात, शीलाची पाठ आहे तशीच.

गोष्ट रूथची आहे. नऊ वर्षांची पोर, रात्री झोपेना. शीलाचा डोळा लागला की तिची पापणी बोटाने वर उचलून बघायची. आम्हाला आधी खेळ वाटला. मग एका रात्री अडीचला मला जाग आली, तर ही माझ्या नाकाखाली हात धरून बसलेली. काय गं, म्हटलं. म्हणाली, "नुसते झोपलाय की आजीसारखे झोपलाय, ते बघतेय."

विनू, आपल्यात माणूस मरत नाही ना. तो प्रभूमध्ये झोपी जातो. कबरीच्या दगडावर तेच, सांत्वनाला आलेल्या प्रत्येकाच्या तोंडी तेच. दवाखान्यातून आल्या आल्या, बूटही न काढता, मीही तिला तेच सांगितलं होतं. आजी प्रभूजवळ झोपली, रडायचं नाही, आपण विश्वासातली माणसं. वर एका पाहुण्या बाईंनी भर घातली, देवाला चांगली माणसं आवडतात म्हणून तो नेतो. तेव्हापासून रूथ रविवारच्या शब्बाथ शाळेत बायबलचं वचन म्हणेना. आपण चांगलं व्हायचं नाही, म्हणजे देव नेणार नाही! हे शीलाने तिच्याकडून तीन आठवड्यांनी काढून घेतलं. चार पिढ्यांचं ख्रिस्ती घर, संध्याकाळची प्रार्थना कधी चुकली नाही, आणि माझ्या लेकीला देवाची अशी धास्ती बसली, ती माझ्याच शब्दांनी.

शाळेतल्या समुपदेशक बाईंकडे गेलो. त्या म्हणाल्या, लहान मुलांना 'झोपली', 'देवाने नेली' असं सांगू नका, 'मेली' म्हणा. शरीर थांबलं, आता ते दुखत नाही, त्याला भूक लागत नाही, असं सरळ सांगा. मला झोंबलं. आपली आशा काय आहे हे यांना काय कळणार, असं म्हणत घरी आलो आणि त्यांना खोटं पाडायला बायबलातला योहानाच्या शुभवर्तमानाचा अकरावा अध्याय उघडला. तिथेच अडकलो. प्रभू म्हणतो, आपला मित्र लाजर झोपला आहे. शिष्य म्हणतात, झोपलाय तर मग बरा होईल. जाणती माणसं, रूथसारखीच फसली! शेवटी प्रभूला उघड सांगावं लागतं, लाजर मेला आहे. इतक्या वेळा वाचलेला अध्याय, हे कधी नजरेतच भरलं नव्हतं. आणि लाजराला आता मेलेल्यांतून उठवणार हे ठाऊक असूनही प्रभू रडला.

'येशू रडला.' तुझं लाडकं सुवर्णवचन. सगळ्यांत छोटं म्हणून सलग चार रविवार तेच म्हटलंस, आणि पाचव्या रविवारी बाईंनी विचारलं, "विनायक, आज तरी त्याला हसू देशील का?" अख्खा वर्ग लोळला होता.

त्याच, 1989 च्या पावसाळ्यात तुझे अप्पा गेले. नगरच्या बोर्डिंगच्या ओसरीवर तू पत्र्याच्या ट्रंकेवर बसून रडत होतास आणि मी समोर उभा राहून म्हणालो, "रडू नकोस, विश्वास ठेव." तू माझ्या तोंडावर ठोसा मारलास, ओठ फाटला. पुढे दोन वर्षं आपण बोललो नाही, आणि विनू विश्वासातून पडला असं मी सगळ्यांना सांगत फिरलो. पुढे दोस्ती झाली, पण चूक तुझी होती असंच मी इतकी वर्षं धरून चाललो. आता तेच वाक्य मी लेकीला म्हटलं. तिने मारलं नाही, ती जागी राहिली. मला माफ कर, विनू.

मग एका शनिवारी तिला कबरस्तानात नेलं. सांगितलं, आजी मेली. तिचं हृदय आजारी होतं, डॉक्टरांनी औषधं दिली, पण ते थांबलं. ती झोपलेली नाही, झोपलेलं माणूस सकाळी उठतं. "मग पुनरुत्थान? मेलेले पुन्हा उठणार ते?" तिने लगेच धरलं. म्हटलं, ते मी मनापासून मानतो, पण ते देव करणार आहे, रोजच्या झोपेशी त्याचा संबंध नाही. आणि चांगली होती म्हणून नेलं, हेही खरं नाही. "मी रोज प्रार्थना केली होती, तिचं काय झालं?" मला माहीत नाही, म्हणालो. हे तिला मी पहिल्यांदाच म्हटलं असेन. आणि रडू आलं ते आवरलं नाही. तिने माझ्या तोंडाकडे नीट बघितलं, मग तीही रडली, मोठ्याने, मातीनंतर पहिल्यांदा.

आता संध्याकाळी माझी लांबलचक प्रार्थना बंद. आधी प्रत्येकाने दिवसातली एक गोष्ट सांगायची, रागाची असली तरी. आमच्या योएलची तक्रार रोज डब्यातल्या दोडक्याचीच असते. मग एक स्तोत्र. तेराव्यात दावीद देवाला चारदा विचारतो, कोठवर? रूथने बोटांवर मोजलं. "देवाला असं विचारलेलं चालतं?" छापलंय की बायबलात, म्हटलं. 88 वं तर अंधारातच संपतं, तेही वाचलं. शीलाला हे जास्त होतंय असं वाटतं. मला नाही वाटत.

झोप अजून पुरती लागत नाही. पण आता पापणी उचलत नाही, अंधारातून हाक मारते. मी "हो" म्हणतो, की कूस बदलते.

तुझ्या गुडघ्याचं काय ठरलं? अमोलला दहावी म्हणून फार दामटू नकोस. चर्चच्या मंडळीच्या जागेच्या भांडणात पडू नकोस. वहिनींना सलाम.

परवा रूथला ठोशाची गोष्ट सांगितली. तिने माझ्या ओठावरच्या वणाला बोट लावून बघितलं आणि विचारलं, "विनूकाकांना त्यांचे अप्पा गेल्याचं कोणी सांगितलं? काय म्हणून सांगितलं?" मला सांगता येईना. इतक्या वर्षांत मी तुला ते विचारलंच नाही. नाताळला येशील तेव्हा तिला तू सांग. मीही शेजारी बसेन.

तुझा,
सुहास